बराकपूरचा दुसरा इतिहास

बराकपूर म्हटलं की फौजी माणसाला २९ मार्च १८५७ आणि मंगल पांडे आठवतात. पण या छावणीला आणखी एक इतिहास आहे, माशांचा.

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या वेळचा गव्हर्नर जनरल वेलस्ली यानं इथं हुगळीकाठी प्राणिसंग्रह उभारला. त्याची देखरेख कंपनीचा सर्जन फ्रान्सिस बुकॅनन (पुढे हॅमिल्टन) याच्याकडे होती. त्यानं गंगेतल्या माशांवर लिहिलेला ग्रंथ १८२२ साली प्रसिद्ध झाला. हिलसाला शास्त्रीय नाव मिळालं ते त्यातच. बंगालचा इलिश तो हाच. आपल्या कोकणात याला पाला म्हणतात.

हिलसा राहतो समुद्रात, पण अंडी घालायला पावसाळ्यात नदीत चढतो. पूर्वी तो राजमहाल, पाटणा, बक्सर करत थेट अलाहाबादपर्यंत जायचा, कधी त्याहूनही वर. समुद्रापासून हजार किलोमीटर आत राहणाऱ्या मल्लाहांच्या जाळ्यात समुद्राचा मासा यायचा!

१९७५ मध्ये फरक्का बॅरेज सुरू झालं. लांबी सव्वादोन किलोमीटर. कोलकाता बंदर गाळानं भरत होतं. गंगेचं पाणी ३८ किलोमीटरच्या कालव्यानं हुगळीकडे वळवायचं आणि गाळ वाहून न्यायचा, अशी योजना होती. बंदर वाचवणं गरजेचं होतं, यात वाद नाही. पण माशाची वाट बंद झाली. फरक्काच्या वर हिलसा जवळजवळ संपला, आणि बिहार-उत्तर प्रदेशातल्या मल्लाहांची पावसाळ्याची कमाई त्याच्याबरोबर गेली. बंदराची किंमत त्यांनी मोजली. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सिंधमध्ये कोटरी बॅरेजनं १९५५ मध्ये पल्ल्याचं, म्हणजे याच माशाचं, असंच केलं होतं. धडा समोर होता.

मंडळी, फौजेत आपण पूल बांधतो तेव्हा आधी विचारतो, यावरून कोण जाणार? धरण बांधतानाही विचारायला हवं, इथून आजवर कोण जात होतं?

बराकपूरलाच केंद्रीय मत्स्यसंशोधन संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ गेली काही वर्षं फरक्काच्या वर हिलसा सोडताहेत. खाली बंगालमध्ये २३ सेंटिमीटरपेक्षा लहान हिलसा पकडायला बंदी आहे. तरीही बाजारात पिल्लं दिसतात. ती घेऊ नका. जे पिल्लू समुद्रात पोचलंच नाही, ते मोठं होऊन नदीत परत येणार कुठून?