हार्ड हॅट की सेफ्टी हेल्मेट? बांधकामावरच्या टोपीत नेमकं काय बदलतंय

बांधकामावरची ती पिवळी कडक टोपी, म्हणजे हार्ड हॅट, आता बऱ्याच देशांत मागे पडतेय. तिच्या जागी गिर्यारोहक घालतात तसं, हनुवटीखाली पट्टा असलेलं सेफ्टी हेल्मेट येतंय.

मूळ टोपी आहे १९१९ सालची. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या एडवर्ड बुलार्डने सैनिकी हेल्मेटवरून कल्पना घेतली आणि कॅनव्हास, गोंद व काळा रंग वापरून खाण कामगारांसाठी 'हार्ड बॉइल्ड हॅट' बनवली. १९३३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचं काम सुरू झालं, तेव्हा तिथे टोपी सक्तीची होती. भीती एकच होती, वरून काहीतरी डोक्यात पडण्याची. पुढची अनेक दशकं बहुतेक नियम त्याच भीतीवर उभे राहिले. युरोपचं ईएन ३९७ मानक घ्या. त्यात ५ किलोचं वजन १ मीटरवरून टोपीच्या माथ्यावर सोडतात आणि आत पोचणारा धक्का ५ किलोन्यूटनच्या पुढे जाता कामा नये. हा धक्का कमी करण्याचं काम मुख्यतः आतली पट्ट्यांची जाळी करते. म्हणून कवच आणि डोकं यांच्यामधली मोकळी जागा महत्त्वाची. तिथे तंबाखूची पुडी किंवा मोबाइल कोंबला की अर्धी टोपी बाद!

पण माणूस स्वतःच पडला तर? परांचीवरून पाय घसरला की बिनपट्ट्याची टोपी हवेतच निसटते आणि डोकं उघडं जमिनीवर आदळतं. शिवाय मार बाजूने किंवा मागून बसतो. अमेरिकेच्या २०२० च्या आकडेवारीत, रजा घ्यावी लागलेल्या डोक्याच्या दुखापतींपैकी सुमारे २० टक्के घसरून, अडखळून किंवा पडून झालेल्या होत्या. २०२३ च्या अखेरीस तिथल्या ओशा या कामगार सुरक्षा यंत्रणेने आपल्या तपासनीसांसाठी हार्ड हॅट बंद करून सेफ्टी हेल्मेट आणलं. इतरांना मात्र शिफारसच आहे, सक्ती नाही. सोशल मीडियावर 'अमेरिकेत हार्ड हॅटवर बंदी' असं फिरतं, ते चूक.

अमेरिकन मानकात टाइप १ म्हणजे फक्त वरच्या मारापासून संरक्षण, टाइप २ म्हणजे वरच्या आणि बाजूच्याही. क्लास वेगळा, तो विजेचा: ई ची चाचणी २०,००० व्होल्टवर, जी ची २,२०० वर, सी ला वीजरोधक संरक्षण नाही. हवेशीर भोकांचं हेल्मेट उन्हात बरं वाटतं, पण वायरिंगच्या कामाला चालत नाही.

पट्ट्याचंही गणित आहे. ईएन ३९७ मध्ये तो १५० ते २५० न्यूटन ताणाला सुटायलाच हवा, नाहीतर टोपी कुठे अडकली तर गळफास बसेल. गिर्यारोहणाच्या ईएन १२४९२ मध्ये उलट, ५०० न्यूटनपर्यंत टिकायला हवा. उंचीवर काम असेल तर दुसरा, खाली यंत्रांच्या गर्दीत असेल तर पहिला.

आपल्याकडे औद्योगिक हेल्मेटचं मानक आयएस २९२५, आणि त्याची शेवटची मोठी आवृत्ती १९८४ ची. बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा कायदा आणि १९९८ चे केंद्रीय नियम आले, त्यात हेल्मेट आलं. तो कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. पण घमेलं डोक्यावर घेऊन स्लॅब भरणाऱ्या बाईचं काय? तिच्या डोक्यावर चुंबळ असते. चुंबळीसोबत बसेल असं हेल्मेट बनवणं हा आपला खरा डिझाइनचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर परदेशी मानकात सापडणार नाही.

घरच्या कुणासाठी हेल्मेट घेत असाल तर आयएसआय चिन्हाच्या वर आयएस २९२५ आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा क्रमांक बघा. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का ते दिसतं. क्रमांक जुळला नाही, तर तक्रारही त्याच अ‍ॅपवरून करता येते.