वीस सेंट जास्त

आजचा भाग एका कबुलीनं सुरू करतो.

कॉलेजात असताना मी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला खंड मुंबईत एका फुटपाथवरून घेतला. पुस्तक नवंकोरं दिसत होतं आणि किंमत दुकानातल्या निम्म्याहून कमी. घरी आल्यावर कळलं की एक अख्खा फर्मा उलटा बांधलाय. मग ती सोळा पानं मी लोकलमध्ये पुस्तक उलटं धरून वाचली. समोर बसलेल्या काकांची नजर अजून आठवते. पुस्तक चोरून छापलेलं आहे हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण लेखक कुठे, मी कुठे, त्याला काय फरक पडतो, असं वाटायचं.

फरक पडतो. आणि याच पुस्तकाच्या बाबतीत तो किती पडला, ती आजची गोष्ट.

जे. आर. आर. टॉल्कीन हे ऑक्सफर्डमधले प्राध्यापक. जुन्या भाषा हा त्यांचा विषय. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन खंड इंग्लंडमध्ये १९५४ आणि १९५५ साली आले. अमेरिकेत ते हॉटन मिफ्लिन या प्रकाशकानं काढले. जाड पुठ्ठ्याची, महागडी पुस्तकं होती ती. खप बरा होता, पण विद्यार्थ्याच्या खिशाला परवडण्यासारखी नव्हती.

आता इथे एक कायद्याची मेख आहे. त्या काळी अमेरिकेत नियम असा होता की परदेशात छापलेलं इंग्रजी पुस्तक ठरावीक प्रतींपर्यंतच आणायचं. त्यापुढे कॉपीराइट टिकवायचा तर पुस्तक अमेरिकेतच छापायला हवं. हॉटन मिफ्लिन मात्र इंग्लंडहून छापील फर्मे मागवत राहिले आणि संख्या त्या मर्यादेच्या पुढे गेली. एस बुक्स नावाच्या पेपरबॅक प्रकाशकानं हे हेरलं. त्यांचं म्हणणं, या पुस्तकावर अमेरिकेत कोणाचाच हक्क उरलेला नाही. १९६५ मध्ये त्यांनी तिन्ही खंड बाजारात आणले, प्रत्येकी ७५ सेंटला. लेखकाला विचारलं नाही आणि पैसाही दिला नाही.

टॉल्कीन तेव्हा ७३ वर्षांचे होते. प्रकाशकांनी त्यांना सांगितलं, मजकुरात दुरुस्त्या करून द्या, म्हणजे नव्या आवृत्तीवर हक्क सांगता येईल. पण कोर्टकचेरीपेक्षा जास्त उपयोगी पडली ती त्यांची एक जुनी सवय. ते वाचकांच्या पत्रांना उत्तरं द्यायचे. आता अमेरिकेत जाणाऱ्या पत्रांत ते एक गोष्ट आवर्जून घालू लागले: ही आवृत्ती माझ्या परवानगीशिवाय निघाली आहे, तुमच्या मित्रमंडळींना सांगा.

आणि वाचकांनी सांगितलं! बोलबाला झाला. विज्ञानकथा लिहिणाऱ्या अमेरिकन लेखकांच्या संघटनेनंही दबाव आणला. ऑक्टोबर १९६५ मध्ये बॅलन्टाइन या प्रकाशकाची अधिकृत पेपरबॅक आवृत्ती आली. तिच्या मागच्या पानावर टॉल्कीन यांचं निवेदन होतं. आशय असा, की जिवंत लेखकाचा निदान मान तरी ठेवावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हीच प्रत घ्यावी. किंमत होती ९५ सेंट.

म्हणजे बघा, तीच कथा, आणि वीस सेंट जास्त. विद्यार्थ्यानं ते का द्यावेत? पण दिले. एसच्या सुमारे एक लाख प्रती गेल्या होत्या. बॅलन्टाइनच्या प्रतींनी थोड्याच काळात दहा लाखांचा आकडा ओलांडला. एस बुक्स नमले. विकलेल्या प्रतींवर मानधन द्यायचं आणि परवानगीशिवाय पुन्हा छापायचं नाही, असं त्यांनी कबूल केलं. आपल्या बाजूनं कोर्टाचा निकाल लागलेला टॉल्कीन यांना बघायला मिळाला नाही. तो लागला १९९२ मध्ये. त्याच्या सव्वीस वर्षं आधी वाचकांनी आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. गंमत म्हणजे या भांडणाच्या बातम्यांनीच पुस्तक अमेरिकेत घरोघरी पोचवलं.

गोष्ट इथे संपवली असती तर छान वाटलं असतं. पण मदतीला धावून आलेली माणसं नंतर घरी जात नाहीत ना!

अमेरिकेत फ्रोडोच्या नावाचे बिल्ले छातीवर मिरवणारी मुलं दिसू लागली, टॉल्कीन मंडळं निघाली. पत्रांचा ढीग वाढला. कॅलिफोर्नियात संध्याकाळी सात वाजता कोणाला तरी शंका यायची आणि ऑक्सफर्डमध्ये पहाटे तीनला फोन खणखणायचा. लोक घराच्या खिडकीतून फोटो काढायचे. अखेर १९६८ मध्ये टॉल्कीन पती-पत्नी बोर्नमथच्या बाजूला समुद्राकाठी राहायला गेले. पत्ता आणि फोन नंबर गुप्त ठेवावे लागले.

आणि या सगळ्यात एक पुस्तक अडकलं होतं: 'सिल्मरिलियन'. त्याच्या कथा टॉल्कीन पहिल्या महायुद्धापासून लिहीत होते. वाचक तेच मागत होते, आणि मागणारी पत्रंच लिहायचा वेळ खात होती. सगळा दोष वाचकांवर टाकणं मात्र बरोबर नाही. पानं पुन्हा पुन्हा बदलत बसणं हा त्यांचा स्वभावच होता. शिवाय चांगला प्रश्न आला की त्यांना राहवायचं नाही. १९५४ मध्ये ऑक्सफर्डच्या एका पुस्तकविक्रेत्यानं त्यांच्या जगातल्या देवाधर्माबद्दल शंका विचारल्या. टॉल्कीन यांनी लांबलचक उत्तर लिहायला घेतलं आणि शेवटी पाठवलंच नाही. आपण स्वतःला फारच महत्त्व देतोय असं त्यांना वाटलं. ते २ सप्टेंबर १९७३ ला गेले. 'सिल्मरिलियन' १९७७ मध्ये त्यांचा मुलगा ख्रिस्तोफर यानं संपादित करून छापलं.

मला या इतिहासातून एवढंच दिसतं: वाचकाकडे ताकद असते, खरीखुरी. १९६५ साली ती लेखकाचा हक्क राखायला वापरली गेली. मग तीच ताकद म्हणू लागली की आता तुझा वेळ आमचा. ही रेघ कधी ओलांडली ते ओलांडणाऱ्यालाही कळत नाही, कारण दोन्हीकडे भावना एकच असते. प्रेमाची.

मी स्वतः कुठे आहे? जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मालिकेचा पाचवा खंड २०११ मध्ये आला. सहाव्यासाठी मी मित्रांबरोबर चहा पिता पिता त्यांना किती वेळा शिव्या घातल्यात, मोजदाद नाही. मध्यंतरी पुस्तकांचं कपाट आवरताना लक्षात आलं, त्यांचे पहिले दोन खंडही फुटपाथवरचेच आहेत. म्हणजे ज्या माणसाला मी एक पैसा दिला नव्हता, त्याच्याकडून वसुली करत होतो!

दोन्ही खंड दुकानातून पुन्हा घेतले. टॉल्कीनचाही. उलट्या फर्म्याची प्रत मात्र ठेवली आहे.

तुमच्याही कपाटात असं एखादं पुस्तक असेल तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर वाचत राहा, आणि लेखकाला पहाटे तीनला फोन करू नका!