खाडे, दंड आणि बक्षिसे

भोंगा वाजला की मजुराने हजर झालेच पाहिजे, ही गोष्ट आज आपणांस स्वयंसिद्ध वाटते. परंतु घड्याळाच्या काट्याने काम करण्याची ही सवय आपल्या देशात फार जुनी नाही. शेतकऱ्याचे आणि विणकराचे काम ऋतुमानाप्रमाणे, सणवार सांभाळून चाले. तोच माणूस गिरणीत आला आणि खाडे करू लागला, यात नवल ते काय?

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरास सुरू झाली. वऱ्हाडचा कापूस जवळ, रेल्वे हाताशी. अडचण होती ती माणसांची. शेकडा २० मजूर गैरहजर असणे ही तेथे नवलाची गोष्ट नव्हती. अशा वेळी मालकांचा रूढ उपाय म्हणजे दंड. पण ज्याला गावी परत जायला झोपडी आणि तुकडाभर जमीन आहे, त्याला दंडाचे भय किती वाटणार? तो दुसऱ्या दिवशीही येणार नाही, एवढेच!

जमशेटजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी दुसरी वाट धरली. मजुरांसाठी बक्षीस-समारंभ सुरू झाले. त्यांत घड्याळे आणि रोख रकमा वाटल्या जात. १८८६ मध्ये पेन्शन फंड आला, १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली आणि १९०१ मध्ये प्रॉव्हिडंट फंड सुरू झाला. टिकून राहणाऱ्याचा फायदा व्हावा, हे या साऱ्यामागचे सूत्र. उशिराला शिक्षा करण्यापेक्षा उद्याची आशा दाखवणे अधिक शहाणपणाचे, हे त्यांनी ओळखले होते.

मात्र नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्या काळी मुंबईचा गिरणी कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत असे आणि त्याला हक्काची साप्ताहिक सुटी नव्हती. मग खाडा हीच त्याची सुटी! नारायण मेघाजी लोखंडे यांनी हे जाणले. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे १०,००० कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे १९३६ च्या वेतनविषयक कायद्याने दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली, आणि नागपुरात एका गिरणीने स्वखुशीने दिलेला प्रॉव्हिडंट फंड १९५२ मध्ये देशाचा कायदा झाला.

या इतिहासाचा बोध एवढाच, की हजेरीपटावरील प्रत्येक फुली म्हणजे आळस नव्हे. बक्षिसाने माणूस कामावर येतो खरा. पण विश्रांतीचा हक्क आणि म्हातारपणाची निश्चिंती लाभली, तरच तो तेथे रमतो.