बाटलीच्या बुडावरचं साल

बुडावर कारखान्याचा ठसा सापडला की बाटलीचा काळ ठरलाच, असं जुन्या बाटल्या जमवणारे अनेकजण धरून चालतात. मला हे पटत नाही. ठसा कारखान्याचं नाव खात्रीनं सांगतो, पण सालासाठी दुसरा पुरावा लागतोच. अमेरिकेतल्या ओवेन्स-इलिनॉय कंपनीच्या बाटल्या पाहिल्या की हे लक्षात येतं. 1929मध्ये ओवेन्स बॉटल आणि इलिनॉय ग्लास या कंपन्या एक झाल्या आणि नवा ठसा आला: आडव्या शंकरपाळ्यासारखा चौकोन, त्यावर लंबगोल 'ओ', मधोमध 'आय'. डावीकडे कारखान्याचा क्रमांक, उजवीकडे साल. एवढं उघड लिहिलेलं असताना शंका कसली, असं कुणी म्हणेल. शंका त्या उजव्या आकड्याचीच आहे. सुरुवातीला तिथे सालाचा फक्त शेवटचा अंक घालत. नुसता 2 दिसला, तर साल 1932 की 1942? पुढे काही कारखाने अंकानंतर टिंब देऊ लागले, नंतर दोन अंकी साल आलं. पण हा बदल सगळीकडे एकदम झाला नाही. अशा वेळी बाकीचं बूड वाचावं लागतं. वळणदार अक्षरांतलं 'ड्युराग्लास' हे नाव 1940पासून येऊ लागलं; ते असेल तर 1932 बाद. ते नसेल तर मात्र 1942 बाद होत नाही, आणि घाईत नेमकी इथेच चूक होते. दारूच्या बाटलीवर पुनर्विक्री व पुनर्वापराला मनाई करणारा सरकारी मजकूर असेल, तर ती 1935च्या आधीची नाही.

मग ठसा सोडून नुसत्या घडणीवरच का विसंबू नये? साच्याचा सांधा ओठाच्या कडेपर्यंत चढलेला असला की बाटली यंत्रावरची, हे खरंच. मायकेल ओवेन्सच्या यंत्रात वितळलेली काच साच्यात ओढून घेत आणि खालून कापत. त्या कापाचा वेडावाकडा वण बुडावर राही. पण ती यंत्रं कित्येक दशकं चालली, त्यामुळे वणावरून फार तर एक लांबलचक काळ हाती लागतो. तो काही वर्षांवर आणायला ठसाच हवा. शिवाय ठरलेलं साल बाटली घडवल्याचं असतं, टाकल्याचं नव्हे. दुधाच्या, सोड्याच्या बाटल्या परत घेऊन, धुऊन वर्षानुवर्षं भरत. दारूच्या बाटलीला त्या काळात कायद्यानंच ती मुभा नव्हती. म्हणून जुन्या उकिरड्याच्या एकाच थरात दोन्ही सापडल्या, तर थराचा काळ ठरवताना मी दारूच्या बाटलीवरचं साल आधी विचारात घेईन.