अनशी ढाकायचा सण : कोकणातल्या एका शेतघराचा वसंत

(पेसाहपूर्वी आपल्या मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले लेखन)



मी इतिहासाची विदुषी नव्हे. मुंबईत परिचारिकेचा डिप्लोमा घेतला, १९७३ साली या देशात आले आणि सारे आयुष्य रुग्णांच्या उशाशी गेले. परंतु परिचारिकेला एक सवय लागते. रुग्ण काय बोलतो यापेक्षा तो काय करतो, इकडे तिचे लक्ष अधिक असते. आज मला माझ्या आजीविषयी सांगायचे आहे, आणि तिची आठवणही मी त्याच सवयीने ठेवली आहे.

अलिबागेकडून पोयनाडच्या बाजूस जाताना रस्त्याच्या आत आमचे गाव होते. इस्राएलांची घरे चार. आमची भातशेती जेमतेम दीड एकर, परसात नारळ आणि मागल्या पडवीत तेलाचा घाणा. आपल्या लोकांना ‘शनवार तेली’ का म्हणत हे येथे कोणास सांगावयास नको. मात्र माझ्या लहानपणी तो घाणा बंद पडला होता. लाट भिंतीला टेकवून ठेवलेली असे आणि तिच्यावर कोंबड्या बसत. वडील मुंबईला नोकरीस होते. मी मात्र तेरा वर्षांची होईपर्यंत आजी-आजोबांपाशी वाढले.

आमच्याकडचा वसंत या देशातल्या वसंतासारखा नव्हता. भात कार्तिकातच घरात आलेले असे. त्यानंतर जमिनीच्या ओलीवर वाल टाकीत. एलिया हन्नाबीच्या उरुसाला खंडाळ्यास जाऊन मलिदा करून आलो, की वाल काढणीला येत. पाठोपाठ पांढरा कांदा निघे. त्याच्या वेण्या विणून आढ्याला टांगीत. मग राब भाजण्याचे दिवस. ज्या तुकड्यात जूनमध्ये भाताची रोपे करावयाची, तेथे शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर रचीत आणि वारा पडला म्हणजे पेटवून देत. हे काम एकट्या घराचे नव्हे; त्यास सावड लागे. शेजारचे आगरी आमच्या शेतावर येत, आम्ही त्यांच्या शेतावर जात असू. शनिवार लागून आला तर कोणी न सांगता सावड रविवारवर जाई. आजोबांनी हात लावावयाचा नाही आणि आमच्या बांधावर विस्तव पेटवावयाचा नाही, हे त्या गावात मुलालाही ठाऊक होते. आमच्या धर्माविषयी त्यांना याहून अधिक काही ठाऊक नसावे. पण एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

सणही त्याच चंद्राचे होते. फाल्गुनातल्या पौर्णिमेला गावाची होळी आणि त्याच सुमारास आमचा पुरीम. म्हणूनच आपल्या पूर्वजांनी त्याला ‘होळीचा सण’ म्हटले. घरोघर पुरणपोळी एकच. चैत्री पौर्णिमेला मारुतीच्या देवळात हनुमान जयंतीची गडबड चाले आणि आमच्या ओटीवर सदेर मांडलेला असे. आपल्या पंचांगात एकोणीस वर्षांत सात अधिक महिने येतात, त्यांच्या पंचांगातही अधिक महिना असतो; पण दोघांचा नेहमी एकाच वेळी येत नाही, म्हणून एखाद्या वर्षी सण महिन्याने दूर जात. त्या वर्षी देवळाचा पुजारी आजोबांना विचारी, “काय शेट, यंदा तुमचा चांद चुकला का?” आजोबांचे उत्तर ठरलेले असे: “आमचा नाय, तुमचा.”

आता पेसाहविषयी. आजी तो शब्द उच्चारीत नसे. तिच्या तोंडी ‘अनशी ढाकायचा सण’ असे. अनस म्हणजे आंबट कालवणासाठी ठेवलेल्या आंबट द्रवाचे मडके. सणाच्या दिवसांत ते वापरावयाचे नाही, झाकून ठेवावयाचे. सणास नाव पडले ते या कामावरून. मिसरदेशातून सुटका, समुद्र दुभंगणे, यांपैकी त्या नावात काही नाही. आहे ते मडके आणि त्यावरचे झाकण. ‘दारफाळणीचा सण’ म्हणजे किप्पूर, ‘बिरड्याचा सण’ म्हणजे आवचा उपवास. ही सारी नावे याच जातीची आहेत. ग्रंथ हरवले, हिब्रू हरवली, तेव्हा लोकांनी काय करावयाचे तेवढे लक्षात ठेवले आणि त्यावरूनच सणांना हाक मारली, असे मला वाटते. हे सण मुळापासूनचे की दावीद राहाबींनी शिकवलेले, यावर विद्वानांत मतभेद आहेत. मी त्या वादात शिरत नाही. परंतु शिकवणारा पंडित सणाला मडक्याचे नाव देईल, हे माझ्या बुद्धीस पटत नाही. असे नाव चुलीपाशी बसणारी बाईच देते.

आजीच्या काळी आंबटपणासाठी आमसूल आणि चिंच वापरीत. अनस रिकामीच होती. तरीही सणाच्या आदल्या दिवशी ती खाली उतरवली जाई. आजी ती विहिरीच्या पाण्याने धुई, तोंडावर केळीचे पान आणि त्यावर फडके ठेवून सुतळीने बांधी आणि माळ्यावर कोपऱ्यात ठेवून देई. मी एकदा विचारले, “आजी, रिकामं मडकं कशाला ढाकायचं?” ती म्हणाली, “माझी सासू ढाकायची.” पुढे बोलणे नाही.

बाकीची तयारी मोठी असे. भिंतींना चुना, जमिनीला नवे सारवण, तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई, कुंभाराकडून नवी मडकी. खजुराचा शिरा घरी आटवीत. किद्दुशसाठी काळ्या मनुका भिजवून कुस्करीत. बोकड कापला म्हणजे आजोबा रक्तात हात बुडवून कागदावर पंजा उठवीत आणि तो कागद दारावर लावीत. हगादा मराठीतून वाचली जाई. आपल्या समाजाकडे मराठी अर्थासह छापलेली हगादा १८४६ पासून आहे, आणि १८७४ सालच्या पुण्याच्या हगादेत तर बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यांत दाखवल्या आहेत. आमच्याकडच्या प्रतीची पहिली पाने वाळवीने खाल्ली होती. आजोबा तेवढा भाग तोंडपाठ म्हणत, आणि मला वाटते थोडा स्वतःच्या मनचा घालीत.

एक गोष्ट मात्र शेतकरी म्हणून आजोबांना कधी उलगडली नाही. पेसाहच्या पहिल्या दिवशी आपण पाऊस मागणे थांबवतो आणि दंव मागतो. कोकणात त्या वेळी विहिरींचा तळ दिसू लागलेला असे आणि पावसाला दोन महिने असत. उलट सुक्कोथ संपताना आपण पाऊस मागू लागतो. तेव्हा आमचे भात कापणीला आलेले, आणि नेमका पाऊस नको असे. अलिबागेच्या मशिदीतून परतताना आजोबा म्हणत, “देवाला आमचं शेत कुठं आहे ते ठाऊक असेल, म्हणून बरं.” तरीही ती प्रार्थना त्यांनी एकाही वर्षी गाळली नाही. १९७३ साली पेसाहच्या सुमारास बसमधून जाताना नेगेवच्या उत्तर कडेला पिकू लागलेले जव आणि गहू मी प्रथम पाहिले, तेव्हा ओमेर म्हणजे काय आणि दंव का मागावयाचे, हे मला एका दृष्टिक्षेपात कळले. आजोबा तोवर वारले होते. त्यांना ते दाखवावयास हवे होते.

आता जे सांगण्यासाठी मी हा विषय घेतला त्याकडे येते. माझी आत्या पन्नाशीच्या दशकारंभी या देशात आली होती. तिच्या मुलाचे एका मोरोक्कन घरातल्या मुलीशी लग्न ठरले. १९६२ साली विवाहासंबंधी जे निर्देश निघाले ते येथील वडीलधाऱ्यांना आठवत असतील. आपल्यापैकी कोणाचा विवाह समाजाबाहेरच्या यहुद्याशी व्हावयाचा असेल, तर आईकडून जितक्या पिढ्या मागे जाता येईल तितक्या मागे जाऊन चौकशी करावी, असे त्यांत होते. आत्याला एका कचेरीत विचारले, “तुझी आजी यहुदी होती याचा पुरावा काय?” कागद कोठून आणावा? नवगावच्या दफनभूमीत आपल्या पूर्वजांचे उंचवटे आहेत, त्यांवर अक्षर नाही.

आत्याचे पत्र आले तेव्हा राब भाजून झाला होता आणि घराला चुना चालला होता. पत्र मीच वाचून दाखवले. आजीला अक्षरओळख नव्हती. तिने कुंचला बादलीत ठेवला आणि बराच वेळ बोलली नाही. आजोबा संतापले. ‘येऊ नका सांगा, परत या म्हणावं’ असे काहीबाही बोलले. मग आजीने मला पाटी नको, शाईचा टाक घे, असे सांगितले.

ते उत्तर मी लिहिले. वय बारा. तिने दलील केली नाही. आम्ही केव्हा काय करतो एवढेच सांगत गेली: घाणा चालत होता तेव्हा शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत बैल सुटे, बिनखवल्याचा मासा आमच्या उंबऱ्याच्या आत आलेला नाही, अनस आम्ही ढाकतो, माझ्या सासूने ढाकली, तिच्या सासूने ढाकली, त्यापलीकडली नावे मला ठाऊक नाहीत. शेवटी म्हणाली, “त्यांना विचार, तुमच्याकडे अनस कशाने ढाकतात.” ते लिहू की नको हे मला कळेना. मी लिहिले.

दावीद राहाबींची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. हे लोक खरोखर इस्राएल आहेत काय हे पाहण्यासाठी त्यांनी बायकांपुढे सर्व तऱ्हेचे मासे ठेवले, आणि बायकांनी पंख व खवले असलेले तेवढे वेगळे काढून शिजविले. ती परीक्षा चुलीपुढे झाली. आत्याची परीक्षा टेबलापुढे होती. तिने ते पत्र हिब्रूत उतरवून घेऊन दिले. ते फाइलला लावले गेले. कोणी वाचले की नाही, तिला कधीच समजले नाही.

पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. यरुशलेमेत आपल्या लोकांचे धरणे, आणि १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेतने केलेला ठराव, की बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत. आतेभावाचे लग्न त्यानंतर झाले. नवरी अडीच वर्षे थांबली होती, हे मी येथे मुद्दाम सांगते. तिचे नाव कोणत्याही इतिहासात यावयाचे नाही.

आजी १९६९ साली गेली. तिच्या सणाच्या अनसीचे पुढे काय झाले कोणी पाहिले नाही. घर विकले तेव्हा माळा रिकामा करणारे आगरी शेजारीच होते.

माझी एक विनंती आहे. आमच्याकडे केळीचे पान वापरीत. रोह्याकडच्या, पेणकडच्या, मुरूडकडच्या घरी काय वापरीत हे मला ठाऊक नाही. ज्यांना आपल्या आजीने अनस ढाकलेली आठवत असेल, त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडे यावे. मी वही आणली आहे.