वास्कोचे १९२३ चे अजिंक्यपद

वास्को द गामा हे नाव निघताच आपणांस १४९८ सालचे कालिकत आठवते, अथवा गोव्यातील मुरगावनजीकचे शहर. रिओ द जानेरोच्या माणसास मात्र फुटबॉल आठवतो. त्या सफरीच्या चारशेव्या वर्षी, १८९८ त, तेथे स्थायिक झालेल्या पोर्तुगीजांनी नौकांच्या शर्यतींसाठी एक क्लब काढला व त्यास हे नाव दिले. फुटबॉल त्याच्या अंगणात मागाहून आला.

रिओतील फुटबॉल तेव्हा बड्या घरच्या तरुणांचा खेळ होता. खेळाडूने पैसा घ्यावयाचा नाही, हा दंडक. पोटासाठी राबणाऱ्यास सरावाला सवड कोठून मिळावी, हा विचार दंडक घालणाऱ्यांस शिवला नसावा. किंवा नेमका तोच शिवला असावा! गुलामगिरी कायद्याने गेली ती १८८८ साली. बांगू येथील कापडगिरणीच्या संघात काळे खेळाडू व मजूर पूर्वीपासूनच होते. परंतु त्या संघास अजिंक्यपद मिळाले नव्हते, म्हणून ते कोणास फारसे खुपत नव्हते.

१९२३ त वास्को दुसऱ्या वर्गातून वर चढला. संघात काळे, मिश्रवर्णी व गरीब गोरे असे सारेच होते. गोलरक्षक नेल्सन मोटार हाकून पोट भरणारा. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी कित्येकांस आपल्या दुकानांत नावापुरते नोकर दाखविले. यात दंडकाला बगल होती, हे कबूल केले पाहिजे. उरुग्वेहून आलेला शिक्षक रामोन प्लातेरो त्यांजकडून धावण्याची कसून मेहनत करून घेई; त्यामुळे उत्तरार्धात प्रतिपक्ष दमे तेव्हा यांस जोर चढे. चौदा सामन्यांत अकरा जय, दोन बरोबरी आणि एकच हार, तीही फ्लामेंगोकडून ३-२ अशी. पहिल्याच वर्षी अजिंक्यपद!

मग मात्र खुपू लागले. १९२४ त फ्लुमिनेन्से, फ्लामेंगो, बोताफोगो इत्यादी बड्या क्लबांनी निराळा संघ स्थापन केला. खेळाडूस लिहितावाचता आले पाहिजे, त्याचा व्यवसाय प्रतिष्ठित पाहिजे, अशा अटी निघाल्या. वर्णाचा उल्लेख कोठेच नव्हता. तो करावा लागत नव्हता. वास्कोने बारा खेळाडू वगळावे, असे सांगण्यात आले. अध्यक्ष जोसे आउगुस्तो प्रेस्तेस यांनी ७ एप्रिल १९२४ रोजी उत्तर धाडले : ज्यांनी आम्हांस अजिंक्यपद मिळवून दिले, त्या तरुणांचा बळी देऊन आम्हांस आपल्यात यावयाचे नाही. पत्र लहानसे व अत्यंत सभ्य आहे. मला त्याचे मोल त्या सभ्यतेमुळे अधिक वाटते.

वास्को जुन्याच संघात राहिला आणि तेथे पुन्हा अजिंक्य ठरला. प्रेक्षकांची गर्दी त्याच्या मागे होती; पुढच्याच वर्षी बड्या मंडळींनी त्यास त्याच्या खेळाडूंसह आत घेतले. स्वतःचे योग्य मैदान नाही, हाही एक आक्षेप होता. तेव्हा सभासदांनी वर्गणी जमवून सांव जानुआरिओ येथे विशाल क्रीडागार बांधले. २१ एप्रिल १९२७ रोजी तेथे पहिला सामना झाला; त्यात सान्तोसच्या संघाने यजमानांस ५-३ असे हरविले.