मटका सिंचन
मटका सिंचन ही बिनझिलईचे मातीचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरून, त्यातील पाणी झाडांच्या मुळांशी पाझरू देण्याची पद्धत आहे. इ.स.पू. १ल्या शतकातील एका चिनी कृषिग्रंथात तिचे वर्णन आढळते. माती कोरडी पडली की पाझर वाढतो, ओली असली की मंदावतो.

भंडारा हा तलावांचा जिल्हा असला, तरी तेथील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. मे महिन्यात पारा ४५° सेल्सियसच्या आसपास जातो, विहिरी खोल जातात आणि परसबागेत वरून शिंपलेले बरेचसे पाणी वाफेवाटे वाया जाते. अशा वेळी दोडका, कारले, भोपळा यांसारख्या वेलांना ही पद्धत विशेष मानवते. मडक्याचे तोंड झाकणे आवश्यक असते, अन्यथा डास होतात. क्षारयुक्त पाण्याने छिद्रे हळूहळू बुजतात व मडके बदलावे लागते.